वाड्याचा गिलावा : दुरुस्तीचा एक दुर्लक्षित इतिहास

वाड्याच्या भिंतीला गेलेली भेग मराठी साहित्यात फार लवकर प्रतीक बनते. भिंत तडकली की कुटुंब दुभंगले, सरंजामी व्यवस्था ढासळली, जुनी मूल्ये खिळखिळी झाली, असे आपण वर्गात सांगू लागतो आणि विद्यार्थीही ते निमूटपणे उतरवून घेतात. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यानंतर वाडा म्हणजे ऱ्हास हे समीकरण समीक्षेत इतके रुळले की वाडा मुळात कशाचा बांधलेला असतो, हे विचारण्याची गरज कोणाला भासेनाशी झाली. भेग का पडली, तिच्यात काय भरायचे, भरणारा कोण आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे प्रश्न प्रतीकाच्या आधीचे आहेत आणि त्यांना स्वतंत्र इतिहास आहे. त्या इतिहासात चुना भाजणारा लोणारी आहे, घाणीला जुंपलेला बैल आहे, दिवाळीआधी भिंत लिंपणारी बाई आहे, १९४७ सालचा एक कायदा आहे आणि सिमेंटचे पोतेही आहे. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाकडे पाहायचे आहे.

प्रथम शब्द पाहू. 'गिलावा' हा शब्द फारसीतून आला. 'गिल' म्हणजे माती, चिखल. भिंतीवर चढवायचा मातीचा लेप तो गिलावा. पुढे चुन्याचा लेपही गिलावाच झाला आणि आज सिमेंटच्या लेपालाही जुने गवंडी गिलावाच म्हणतात. माती गेली, पण तिचे नाव टिकले. भिंत फाटण्यालाही मराठीत एकच शब्द नाही. केसाएवढी बारीक ती चीर. उन्हाळ्यात जमिनीला पडते, टाचेला पडते, ती भेग. काचेला, दगडाला, मडक्याला जातो तो तडा. भेग सावकाश रुंदावते, तडा एकदम जातो. बोलताना आपण हे शब्द सरमिसळ वापरतो हे खरे, पण या छटांमागे पदार्थांचे ज्ञान आहे. मऊ, लवचीक मातीला भेग पडते आणि ताठ, कठीण वस्तूला तडा जातो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा थर दिल्यावर नेमके काय बिघडते, हे समजून घ्यायला हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रातील भिंतीचा इतिहास सांगायचा तर इनामगावापासून सुरुवात करावी लागते. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे मातीच्या ठेंगण्या भिंतींची, वर गवताचे छप्पर असलेली घरे होती. वस्तीच्या मध्यभागी प्रमुखाचे घर आणि पश्चिमेच्या कडेला कारागिरांची घरे, असे उत्खनकांनी अनुमान केले. त्या कारागिरांत कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना तयार करणाराही आहे. चुनेवाल्याला वस्तीच्या कडेला ठेवण्याची रीत, म्हणजे, बरीच जुनी म्हणायची. भट्टीचा धूर आणि आग यांमुळे तसे करणे सोयीचे असेलही. पण पुढच्या काळातही तो कडेचा मध्यावर आलेला दिसत नाही.

गावाच्या रचनेतील 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. ही पांढरी पांढरी कशाने झाली? पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे उभी राहिली, खचली, त्याच जागी नवी उभी राहिली. भिंतींची माती, चुलीतली राख, शेणसारवण यांचे थर साचत गेले आणि गावाखालची जमीन उंचावली, फिकट झाली. गाव ज्या मातीवर उभे असते ती बऱ्याच अंशी आधीच्या गावाच्या पडलेल्या भिंतींची माती असते. हीच पांढरी खणून पुन्हा भिंतीला, भेंड्यांना (म्हणजे कच्च्या विटांना) आणि माळवदाला वापरत. अशा घरात भेग ही दुर्घटना नव्हती, ते वार्षिक काम होते. पावसाळा संपला की माती, शेण आणि भुसा कालवून भिंती लिंपायच्या, वरून पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात द्यायचा आणि मग दिवाळी. हे काम बहुतांशी बायकांचे. त्याला दुरुस्ती असे कोणी म्हणत नसे, त्याचा हिशेब कोणत्या वहीत नसे आणि म्हणूनच ते इतिहासातही आले नाही. भुसा का घालायचा, तर वाळताना माती आवळते तेव्हा काड्या तिला धरून ठेवतात आणि एक मोठी भेग पडण्याऐवजी ताण असंख्य बारीक चिरांत विभागला जातो. हे तत्त्व लिहून ठेवण्याची गरज लिंपणाऱ्या बाईला भासली नाही, कारण दरवर्षी ते तिच्या हातून होतच होते.

अजिंठ्याच्या चित्रांखालचा लेपही याच जातीचा आहे. खडकावर मातीचा थर, त्यात तुसे आणि वनस्पतींचे तंतू, वर पातळ चुन्याचा हात, आणि त्यावर चित्र. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा शोधनिबंध २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी त्यातल्या भांगेवर मथळे दिले. खरी गोष्ट अधिक साधी आणि अधिक महत्त्वाची होती : भांगेचा तंतू चिवट असतो, ओलसर हवेत टिकतो, किडीला दाद देत नाही. लेण्यातला कारागीर आणि गावातली लिंपणारी बाई यांच्यात तत्त्वाचा नव्हे, फक्त मालाचा फरक आहे.

चुन्याचे घराणे वेगळे. संस्कृतात चुन्याला 'सुधा' म्हणतात, म्हणजे अमृताचेच नाव. चुन्याने पांढरे केलेले घर ते 'सौध'. काव्यातून सौध येते तेव्हा आपण राजप्रासाद असे भाषांतर करून मोकळे होतो, पण त्या शब्दात भिंतीवरचा चुना लखलखत असतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात भिंतीचा लेप कसा करावा याची कृतीच दिली आहे : विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, बेलफळाचा गर. ही यादी वाचताना प्रथम हसू येते. एखाद्या पाककृतीच्या पुस्तकातले पान चुकून आले असावे असे वाटते. पण जुन्या परंपरेचे गवंडी आजही चुन्यात गूळ, बेलफळाचे पाणी, मेथी, उडीद यांचा वापर सांगतात. चिकट रसांनी चुना मऊ राहतो, पाणी लवकर सोडत नाही आणि म्हणून सावकाश वाळतो. सावकाश वाळलेला गिलावा कमी भेगाळतो. रोममध्येही हे ठाऊक होते. पहिल्या शतकातील प्लिनीने असे नोंदवले आहे की जुन्या काळच्या बांधकामाच्या नियमांनुसार तीन वर्षांहून कमी काळ मुरलेला चुना वापरायला कंत्राटदाराला मनाई होती आणि त्यामुळेच त्या घरांचे गिलावे भेगाळले नाहीत.

दख्खनच्या पठारावर चुनखडीचे डोंगर विशेष नाहीत. इथला खडक काळा बेसाल्ट. त्यामुळे इथला चुना आला तो काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून. कोकणात तो शिंपल्यांपासून केला जाई. खडे गोळा करायचे, लाकूड-कोळशाच्या भट्टीत भाजायचे. सुमारे नऊशे अंश उष्णतेला खड्यातील कर्बवायू निघून जातो आणि उरते ती चुनकळी. ती पाण्यात विझवली की उकळते, फसफसते, फुलते. हे काम लोणारी समाजाचे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात लोणाऱ्यांची नोंद चुना भाजणारे म्हणूनच आहे. खड्यांत मुळातच थोडी चिकणमाती असते. त्यामुळे या चुन्याला पाण्यातही काहीसा घट्ट होण्याचा गुण येतो. ओलसर हवेच्या प्रदेशात तो फार उपयोगाचा ठरला.

विझवलेला चुना आणि वाळू किंवा सुरखी घाणीत मळली जाई. जमिनीत दगडी गोल चर, मध्ये खुंटा, खुंट्याला आडवे लाकूड, त्यात बसवलेले जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. तिकोन्यासारख्या किल्ल्यावर चढताना वाटेत ही घाणी दिसते आणि दुर्गप्रेमी तिच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढतात. तासन्‌तास मळल्याने चुना वाळूच्या प्रत्येक कणाला धरतो. अशा चुन्यात बांधलेल्या पक्क्या बांधकामाला 'चुनेगच्ची' असा देखणा शब्द मराठीत होता; तो आता जुन्या खरेदीखतांखेरीज क्वचितच भेटतो.

वाड्यात मात्र सगळेच चुनेगच्ची नसे, आणि आपली पहिली गफलत इथे होते. पुण्या-वाईकडचा सामान्य वाडा म्हणजे घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटाचा सांगाडा, आणि त्या सांगाड्याच्या मधल्या जागा भरणाऱ्या विटांच्या किंवा भेंड्यांच्या भिंती. या भिंती मातीत रचलेल्या. चुना आतबाहेरच्या कवचापुरता आणि महत्त्वाच्या सांध्यांपुरता. वजन लाकूड पेलते, भिंत बरीचशी पडद्याचे काम करते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे खांबाला लागून भिंतीत उभी, सरळ भेग येते. ती दरवर्षी थोडी उघडते, थोडी मिटते. ही भेग घर खचत असल्याची खूण नव्हे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी भेग वेगळी. ती पाया एका बाजूने बसतो आहे असे सांगते. आणि गिलाव्यावर पसरलेले सुरकुत्यांचे बारीक जाळे म्हणजे तो घाईने वाळला, एवढाच अर्थ. जुना गवंडी प्रथम बोटाच्या पेराने भिंत ठोठावत जातो. भरीव आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर तिथे खडूची खूण. वाचनाची ही पद्धत आपल्या शास्त्राला अपरिचित नसावी.

खुणा झाल्या की दुरुस्ती. सुटलेला भाग काढायचा, पण घट्ट भागाला हात लावायचा नाही. भेग वरून बुजवायची नाही. करणीच्या टोकाने ती आत रुंद आणि बाहेर अरुंद अशी कोरायची, म्हणजे भरलेला माल खुंटी मारल्यासारखा आत अडकून राहतो. धूळ झाडायची, पाणी मारायचे, भिंत पाणी पिऊन तृप्त झाली की चुना भरायचा. एकदम जाड थर नाही. बोटाच्या जाडीहून पातळ थर, तो आवळला की दुसरा. ताग किंवा जुन्या गोणपाटाचे बारीक कातरलेले धागे त्यात घालायचे. वरून मुरलेल्या चुन्याचा, लोण्यासारखा मऊ शेवटचा हात. याला गवंडी 'नीरू' म्हणतात. सरकारी बांधकामाच्या दरपत्रकांतही हा शब्द शिरला आणि पुढे सिमेंटच्या गिलाव्यावरसुद्धा नीरूच फिरवला जाऊ लागला. भिंतीच्या अंतरंगातून हद्दपार झालेला चुना असा बरीच वर्षे तिच्या कातडीवर राहिला.

चुन्याचा एक गुण सांगण्यासारखा आहे. भिंतीवरचा चुना हवेतील कर्बवायू घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भट्टीत जे गमावले ते तो सावकाश परत मिळवतो. याला महिने, वर्षे लागतात. दरम्यान बारीक चीर पडली आणि ओल शिरली तर न मुरलेला थोडा चुना त्या पाण्यात विरघळतो, चिरेत वाहतो आणि हवेने तिथेच गोठतो. चीर आपोआप सांधली जाते. मोठ्या भेगांना हे लागू नाही. पण दोनशे वर्षांच्या भिंती बारीक हालचाली सोसून कशा उभ्या राहिल्या, याचे एक उत्तर यात आहे.

सिमेंटचा इतिहास तुलनेने आखूड आहे. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात मद्रासला १९०४ साली एक प्रयत्न झाला; १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून नियमित उत्पादन सुरू झाले. पुढची पन्नास-साठ वर्षे सिमेंट दुर्मीळ, नियंत्रित आणि म्हणूनच प्रतिष्ठेचे होते. परवान्यावर मिळणाऱ्या वस्तूची प्रतिष्ठा काय असते हे नव्या पिढीला सांगावे लागेल. सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्यांना १९८२ च्या जानेवारीत पद सोडावे लागले, एवढे सांगितले तरी पुरे. नियंत्रण त्याच वर्षी अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. नंतर सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले आणि चुन्याची भट्टी, घाणी, मुरवण्याचा हौद यांना जागा उरली नाही. 'चुना लावणे' हा फसवणुकीचा वाक्प्रचार तेवढा जोमात राहिला.

पुण्यापुरते बोलायचे तर या बदलाला एक तारीख आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीत रचलेल्या भिंतींचे पाय पाण्यात विरघळले. वाडे उभ्या उभ्या बसले. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनातून मातीच्या भिंतीवरचा विश्वास उठला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. पुरात न पडलेल्या, केवळ जुन्या झालेल्या भिंतींनाही सिमेंटचे कवच चढवले गेले, ते मजबुतीच्या समजुतीने.

काय होते ते पाहा. मातीची भिंत जमिनीतील ओल वर खेचते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडते. चुन्याचा गिलावा या येरझाऱ्याला आड येत नाही. सिमेंटचा घट्ट थर वाट बंद करतो. ओल आत साठते, आणखी वर चढते. कमरेपर्यंत असलेला डाग खांद्यापर्यंत येतो. पाण्याबरोबर आलेले क्षार कवचाच्या पाठीमागे स्फटिक धरतात आणि विटा आतून भुसभुशीत होतात. लाकूड आणि भिंत ऋतुमानाप्रमाणे हलत असतात, सिमेंट हलत नाही. म्हणून जिथे पूर्वी भेग पडे तिथे आता तडा जातो. घरमालकाला वाटते, माल कमी पडला. तो पुढच्या वेळी अधिक सिमेंट घालतो. काही वर्षांनी अख्खा पत्रा सुटून येतो आणि सोबत विटेचा दर्शनी भागही घेऊन येतो. आत ओल्या मातीत रुतलेले खांबाचे बूड तोवर कुजलेले असते. गिलावा हा भिंतीपेक्षा कठीण असता कामा नये, हा साधा नियम जगभरच्या जुन्या बांधकामांना लागू आहे. तो मोडला की दुरुस्तीच घर पाडते. पेठांतील कित्येक वाड्यांवर 'धोकादायक' अशी पाटी लागण्यात काळाइतकाच या कवचाचाही हात आहे, असे माझे मत आहे.

तरीही सगळा दोष सिमेंटला देणे सोयीचे होईल. भेग बुजवायची कोणी, हा प्रश्न उरतोच. युद्धकाळातील टंचाईनंतर १९४७ साली मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्ग आणि गिरणी कामगार या कायद्याच्या आधाराने शहरात टिकले, हे विसरून चालणार नाही. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर ठेवली होती. पण वर्षभराच्या भाड्यात एका भिंतीचा गिलावाही होईना, तेव्हा मालकाने हात झटकले. भाडेकरूनेही घर आपले नाही म्हणून खर्च टाळला, फार तर दिवाळीला रंगाचा हात दिला. भिंत दोघांची होती आणि कोणाचीच नव्हती. मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर बसला आणि सुमारे एकोणीस हजार इमारती त्याखाली आल्या. गोठलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मधल्या पन्नास वर्षांत गवंड्यांच्या दोन पिढ्या चुन्याला हात न लावता निवृत्त झाल्या होत्या. चाळीवरच्या आणि वाड्यावरच्या मराठी लेखनात मालक-भाडेकरूंची भांडणे भरपूर आहेत. त्यांतील विनोदामागे हे गणित आहे. ते शिकवताना कायद्याची ही दोन पाने सोबत ठेवली तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

किल्लारीचा उल्लेख टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती यांखाली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. वर्षानुवर्षे गळती थांबवायला माळवदावर मातीचा थर वाढवत नेलेला होता. म्हणजे तिथे वार्षिक दुरुस्तीच छपराचे ओझे वाढवत गेली. परंपरेचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे. मात्र काही ठिकाणी भिंत पडूनही लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला होता, हेही नोंदवले पाहिजे.

दुरुस्ती किती करावी, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चवास्तूंचे गिलावे खरवडून 'मूळ' रूप काढण्याची लाट आली, तिला विरोध म्हणून विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्था स्थापन केली. तिचे टोपणनावच 'खरवड-विरोधी' असे पडले. आपल्याकडे निजाम सरकारने १९२०-२२ मध्ये दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आणले. त्यांनी सुटणारा गिलावा खडकाला पुन्हा चिकटवला. ते काम न झाले असते तर काही चित्रे आज नसती. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला, तो काळाबरोबर पिवळा-तपकिरी पडला आणि पुढच्या पिढ्यांना तो उतरवत बसावे लागले. परत काढता येईल तेवढेच भरावे, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

मराठीच्या अभ्यासकाला यात एक ओळखीचा प्रश्न दिसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १९०९ साली राजवाड्यांनी त्याहून जुनी म्हणून वेगळी प्रत छापली. मूळ कोणते आणि नंतरचा हात कोणता, ही चर्चा अद्याप मिटलेली नाही. भिंतीवरही थरांवर थर असतात. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत, पण कित्येक अनाम वाड्यांत अशी चित्रे चुन्याच्या वार्षिक हातांखाली गेली. तो चुना खरवडावा काय? त्याच चुन्याने खालचे रंग झाकले आणि राखलेही. शिवाय तो हात देणाऱ्यांची दिवाळीही त्या भिंतीच्या इतिहासाचाच भाग आहे. पाठचिकित्सेत आपण पाठभेद तळटीपेत तरी ठेवतो; भिंतीवर तळटीप नसते, म्हणून तिथे हात अधिक जपून चालवावा लागतो.

गेल्या काही दशकांत काही ठिकाणी चुना परतला आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला पुण्याचा विश्रामबागवाडा (१८२१ ची संस्कृत पाठशाळा इथलीच, आणि १८७९ च्या आगीत याचाच काही भाग जळाला) महापालिकेने जपणुकीसाठी हाती घेतला. अशा कामांवर पुन्हा हौद खणले जातात, चुना मुरवला जातो, घाणीला बैलाऐवजी मोटर जोडली जाते. खासगी वाड्याची गोष्ट निराळी. वाईजवळच्या एका वाड्यात काम करणाऱ्या वयस्क गवंड्याने मला अडचण सांगितली ती पैशाची नव्हती. चुना आता बंद पिशवीतून फक्कीच्या रूपात मिळतो; तो कधी भाजला, हवेने किती मेला, कळत नाही. चुनकळी मिळाली तरी ती मुरायला महिना हवा आणि मालकाला काम आठवड्यात हवे असते. तरुण हाताला सिमेंट एका तासात बसते याची सवय. चुन्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा करणी दाबून उमटलेल्या चिरा मिटवाव्या लागतात, त्यासाठी तो थांबत नाही. आणि शेवटचे म्हणजे, नव्या गिलाव्याला निदान पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हलके पाणी मारावे लागते, थेट ऊन-वारा लागू नये म्हणून ओले गोणपाट टांगावे लागते. त्या वाड्याचे वारस तीन शहरांत राहतात. गवंडी रोज संध्याकाळी काम आटोपून चार किलोमीटरवरच्या आपल्या गावी परततो. सकाळचे पाणी तो आल्यावर मारतो. संध्याकाळच्या पाण्यासाठी त्याने शेजारच्या एका बाईंना किल्ली देऊन ठेवली आहे.